विश्लेषण : ढगात बर्फ नेमका तयार कसा होतो? 'खंडवहना'च्या वेगेनर यांना शतकापूर्वी सापडलेले उत्तर…

आल्फ्रेड वेगेनर हे नाव शालेय भूगोलाच्या पुस्तकात भेटते ते खंडवहनाच्या सिद्धांतासाठी. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका कधी काळी एकमेकांना जोडलेले होते, असे सांगणारा हा जर्मन शास्त्रज्ञ पेशाने भूगर्भशास्त्रज्ञ नव्हता, तर हवामानशास्त्रज्ञ होता. ढगातले पाणी शून्य अंशाखाली का गोठत नाही, गोठते तेव्हा त्याला कोण गोठवते आणि त्यातून पाऊस-बर्फ कसा पडतो, या प्रश्नांना त्यांनी १९११ मध्ये हात घातला. पृथ्वी नेमकी किती तापणार, हे ठरवताना आजच्या संगणकीय प्रारूपांना ज्या कोड्यांशी झुंजावे लागते, त्यांपैकी एक तिथेच सुरू होते.

वेगेनर कोण होते?

आल्फ्रेड वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील धर्मशास्त्राचे जाणकार, अभिजात भाषांचे शिक्षक आणि एका अनाथाश्रमाचे संचालक होते. पाच भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटे. १९०५ मध्ये त्यांनी बर्लिन विद्यापीठातून खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण दुर्बिणीपाशी बसून आयुष्य काढायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी हवेचा अभ्यास करायचे ठरवले.

त्या काळी वरच्या हवेची माहिती मिळवायची तर पतंग आणि फुगे हीच साधने होती. बर्लिनजवळच्या लिंडेनबर्ग वेधशाळेत आल्फ्रेड आणि त्यांचे थोरले बंधू कुर्ट दोघेही कामाला होते. एप्रिल १९०६ मध्ये हे दोघे भाऊ मोजमापाची उपकरणे घेऊन फुग्यातून निघाले आणि ५२ तासांहून अधिक काळ हवेत राहिले. तो त्या वेळचा जागतिक विक्रम ठरला. याच वर्षी २५ वर्षांच्या आल्फ्रेड यांची ग्रीनलँडला निघालेल्या डॅनिश मोहिमेत हवामानशास्त्रज्ञ म्हणून निवड झाली.

ग्रीनलँडने त्यांना काय शिकवले?

१९०६ ते १९०८ ही दोन वर्षे वेगेनर ग्रीनलँडच्या ईशान्य किनाऱ्यावर होते. तिथे त्यांनी हवामान केंद्र उभारले, पतंग आणि दोराने बांधलेले फुगे सोडून वरच्या हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजली. या मोहिमेने त्यांना ध्रुवप्रदेशाची किंमतही दाखवली. मोहिमेचे प्रमुख लुडविग मुलियस-एरिक्सन आणि त्यांचे दोन सहकारी १९०७ मध्ये बर्फावरून परतलेच नाहीत.

महिनोन् महिने सूर्य न उगवणाऱ्या त्या प्रदेशात हवेतली वाफ, धुके, हिम आणि बर्फ यांची सगळी रूपे जवळून पाहायला मिळतात. युरोपात ढगाचा अभ्यास करायचा तर फुग्यातून वर जावे लागे. ग्रीनलँडमध्ये मात्र ढगात जी स्थिती काही किलोमीटर उंचीवर असते, तीच माणसाच्या डोळ्यांसमोर जमिनीवर असे. वेगेनर परतले ते अशा निरीक्षणांची शिदोरी घेऊन. १९०९ पासून ते मारबुर्ग विद्यापीठात शिकवू लागले आणि या निरीक्षणांचा मेळ उष्मागतिकीच्या नियमांशी घालू लागले.

कोडे नेमके काय होते?

पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते, हे आपण शाळेत शिकतो. बादलीतल्या किंवा तळ्यातल्या पाण्यापुरते ते खरेही आहे. ढगातल्या सूक्ष्म थेंबांचे मात्र तसे नाही. पाणी शुद्ध असेल तर ढगातला थेंब उणे १०, उणे २०, एवढेच नव्हे तर सुमारे उणे ३८ अंशांपर्यंत द्रवच राहू शकतो. अशा पाण्याला 'अतिशीत' पाणी म्हणतात.

याचे कारण गोठण्याच्या रीतीत आहे. बर्फ व्हायचे तर पाण्याच्या रेणूंना ठरावीक रचनेत उभे राहावे लागते. द्रवात ते सतत धडपडत, जागा बदलत असतात. योगायोगाने काही रेणू रांगेत आले, तरी तो पुंजका फारच लहान असल्याने पुन्हा मोडतो. तापमान खूप खाली गेल्यावरच तो टिकू शकतो. पाण्यात परकी वस्तू असेल आणि तिच्या पृष्ठभागावर रेणूंना रांगेत उभे राहायला आधार मिळाला, तर हे काम बऱ्याच कमी थंडीत होते. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात आणि खडे त्या दोऱ्याभोवती धरतात, तसेच काहीसे. तळ्यातल्या पाण्यात असे 'दोरे' भरपूर असतात. ढगातला थेंब मात्र केसाच्या जाडीहूनही लहान, आणि असे अब्जावधी थेंब एकमेकांपासून वेगळे तरंगत असतात. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला दोरा येतच नाही.

दुसरे कोडे पावसाचे. ढगातल्या थेंबाचा व्यास साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका असतो. पावसाच्या एका बऱ्यापैकी थेंबात असे सुमारे दहा लाख थेंब मावतात. मग हे एवढे थेंब अर्ध्या-एक तासात एकत्र येतात कसे? नुसती वाफ साचत राहून थेंब मोठा व्हायचा तर फारच वेळ लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचे समाधानकारक उत्तर कोणापाशीही नव्हते.

१९११ मध्ये वेगेनर यांनी काय मांडले?

त्या वर्षी वेगेनर यांचे वातावरणाच्या उष्मागतिकीवरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हा ते तिशीत होते. या पुस्तकात त्यांनी एका साध्या भौतिक वस्तुस्थितीकडे लक्ष वेधले. बर्फात रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे बर्फावरून वाफ होऊन निसटणे त्यांना पाण्यापेक्षा अवघड जाते. म्हणून एकाच तापमानाला बर्फाशेजारी हवेत जितकी वाफ लागते, त्याहून अधिक वाफ अतिशीत पाण्याशेजारी लागते. उणे १० अंशांना हा फरक सुमारे १० टक्के, तर उणे २० अंशांना २० टक्क्यांहून थोडा अधिक असतो.

यावरून पुढचा तर्क असा की, अतिशीत थेंबांनी भरलेल्या ढगात एखादा हिमस्फटिक जन्मला, तर थेंबांच्या दृष्टीने हवेत वाफ पुरेशी असते, पण स्फटिकाच्या दृष्टीने ती गरजेपेक्षा जास्त असते. स्फटिक ती वाफ ओढून घेतो आणि वाढतो. हवेतली वाफ कमी झाली की थेंब सुकू लागतात आणि ती भर काढतात. तीही स्फटिकाकडेच जाते. थोडक्यात, थेंब आटतात आणि स्फटिक पोसतो. थोड्याच वेळात तो इतका जड होतो की ढगात तरंगू शकत नाही. खाली पडताना उबदार हवा लागली तर तो वितळतो आणि आपल्याला पावसाचा थेंब म्हणून भेटतो.

थेंब आणि स्फटिक एकाच ढगात फार काळ शेजारी राहू शकत नाहीत, असा याचा अर्थ. ढगातली ही स्थिती अस्थिर असते आणि एकदा बर्फ सुरू झाला की ती बर्फाच्या बाजूने झुकते. सगळे काही अवलंबून असते ते पहिला स्फटिक कसा आणि किती ठिकाणी जन्मतो यावर.

हिमकेंद्रके म्हणजे काय?

ढगातला थेंब तयार व्हायला हवेत धूळ, मीठ, धूर यांचे कण लागतात, हे स्कॉटिश संशोधक जॉन एटकिन यांच्या कामातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच स्पष्ट झाले होते. वेगेनर यांनी पुढचा प्रश्न विचारला, की बर्फासाठीही हेच कण चालतात का? त्यांचा तर्क होता की नाही. बर्फ घडवणारे कण वेगळे असावेत, कारण ढगात थेंब मुबलक दिसतात, तर बर्फ कधी होतो, कधी होत नाही. हेच कण आज हिमकेंद्रके म्हणून ओळखले जातात.

वाफेपासून थेट बर्फ या कणांवर धरतो, असे वेगेनर यांना वाटत होते. हा तपशील पुढे सुधारावा लागला. थेंब आणि स्फटिक दोन्ही असलेल्या ढगांत बहुतेक वेळा कण आधी थेंबाच्या पोटात जातो आणि मग आतून थेंब गोठवतो, असे नंतरच्या संशोधनातून दिसले. मात्र बर्फासाठी खास कण लागतात, हा त्यांचा मूळ विचार टिकला.

हे कण दुर्मीळही असतात. उणे २० अंशांच्या आसपास एक लिटर हवेत बर्फ धरू शकणारा एखादाच कण सापडतो, तर इतर कण लाखाच्या घरात असू शकतात. वाळवंटातून उडणारी खनिज धूळ हे हिमकेंद्रकांचे मोठे भांडार. त्यातही फेल्डस्पार या खनिजाचा एक प्रकार विशेष प्रभावी असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून समोर आले. साधारण उणे १५ अंशांखाली धूळ काम करू लागते. त्याहून कमी थंडीत काम करतात ते सजीवांकडून आलेले कण. पानांवर वाढणारा 'सूडोमोनास सिरिंगी' हा जीवाणू तर उणे २ अंशांनाही पाणी गोठवू शकतो. परागकणांचे तुकडे, मातीतील सेंद्रिय पदार्थ, समुद्राच्या फेसातून उडणारे जैविक अवशेष हेही या यादीत येतात. काजळी मात्र या कामी बरीच दुबळी ठरते.

खंडवहनाने हे काम झाकोळले का?

बऱ्याच अंशी, होय. १९१० च्या डिसेंबरात जगाचा नकाशा चाळताना वेगेनर यांना ब्राझील आणि आफ्रिका यांच्या किनाऱ्यांची जुळणी खटकली. जानेवारी १९१२ मध्ये त्यांनी फ्रँकफर्ट येथे भूगर्भशास्त्रज्ञांपुढे खंडे सरकतात असा विचार मांडला. १९१५ मध्ये त्यावरचे पुस्तक आले, आणि नंतरच्या आवृत्त्यांबरोबर वादही वाढत गेला. खंडे हलवणारे बळ कोणते, याचे पटणारे उत्तर वेगेनर देऊ शकले नाहीत. त्यांनी सुचवलेली बळे फारच अपुरी होती, ही टीका योग्यच होती. पण परक्या प्रांतात घुसलेला हवामानवाला, अशीही हेटाळणी झाली. १९६० च्या दशकात समुद्रतळाच्या अभ्यासातून पुरावे मिळाले, तेव्हा वेगेनर जाऊन तीन दशके लोटली होती.

दोन्ही कामांची पद्धत मात्र एकच. एका शास्त्रशाखेला क्षुल्लक वाटणारी विसंगती घ्यायची, तिचा धागा दुसऱ्या शाखेत कुठे जातो ते पाहायचे. किनाऱ्यांची जुळणी भूगोलातली, तिचे पुरावे जीवाश्म आणि खडकांतले. वाफेच्या दाबातला १० टक्क्यांचा फरक भौतिकशास्त्रातला, त्याचे परिणाम आभाळातले.

या काळात त्यांचे खासगी आयुष्यही धावपळीचे होते. १९१२-१३ मध्ये डॅनिश संशोधक योहान पेटर कोख यांच्यासह त्यांनी ग्रीनलँडच्या हिमस्तरावर हिवाळा काढला. हिमदरीत पडून कोख यांचा पाय मोडला. पुढे चौघांच्या या पथकाने आइसलँडी घोड्यांच्या साहाय्याने हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापत ग्रीनलँड ओलांडले. पश्चिम किनाऱ्याजवळ अन्न संपले, अखेरीस सोबतचा कुत्राही मारून खावा लागला. योगायोगाने एका धर्मगुरूची नाव दिसली आणि चौघे वाचले. परतल्यावर वेगेनर यांचा विवाह एल्स यांच्याशी झाला. हवामान प्रदेशांच्या वर्गीकरणासाठी आजही ज्यांचे नाव घेतले जाते त्या व्लादिमिर कोपेन यांची ही कन्या. पहिल्या महायुद्धात १९१४ मध्येच वेगेनर दोनदा जखमी झाले आणि मग लष्कराच्या हवामान सेवेत गेले. त्यांना हक्काची प्राध्यापकी मिळाली ती १९२४ मध्ये, आणि तीही जर्मनीत नव्हे, तर ऑस्ट्रियातील ग्राझ येथे.

ढगांचा सिद्धांत पुढे कोणी नेला?

स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ टोर बर्गेरॉन यांनी. १९२२ च्या हिवाळ्यात ते आजच्या ओस्लोजवळच्या एका टेकडीवर विश्रांतीसाठी राहिले होते. तिथे अतिशीत धुके झाडीत शिरत असे. थंडी शून्याच्या बरीच खाली असली की झाडांवर हिम धरलेले असे आणि झाडांमधल्या वाटेवरचे धुके विरळ होई. तापमान शून्यावर गेले की धुके थेट जमिनीपर्यंत उतरे. वेगेनर यांचे काम वाचलेल्या बर्गेरॉन यांना यातला संबंध उमगला. झाडांवरचे हिम हवेतली वाफ ओढत होते आणि धुक्याचे थेंब आटत होते. ढगातही हेच होत असेल, तर पावसाचे कोडे सुटते.

बर्गेरॉन यांनी हा विचार १९३३ मध्ये लिस्बन येथील परिषदेत मांडला, १९३५ मध्ये तो छापून आला. १९३८ मध्ये जर्मनीच्या वाल्टर फिंडआयझेन यांनी त्याला प्रयोग आणि गणिताची जोड दिली. आज ही प्रक्रिया वेगेनर-बर्गेरॉन-फिंडआयझेन या तिहेरी नावाने ओळखली जाते. समशीतोष्ण प्रदेशांतील जमिनीवर पडणारा बहुतांश पाऊस ढगातल्या बर्फाच्या मार्गानेच येतो, असे उपग्रहांच्या निरीक्षणांतून दिसते. बर्गेरॉन यांनी लिस्बनमध्ये हे सांगितले, तेव्हा वेगेनर हयात नव्हते.

शेवटच्या मोहिमेत काय घडले?

१९३० मध्ये वेगेनर यांच्या नेतृत्वाखाली मोठी जर्मन मोहीम ग्रीनलँडला गेली. हिमस्तराच्या मधोमध, पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत आणि जवळपास ३ हजार मीटर उंचीवर 'आइसमिटे' नावाचे केंद्र उभारून पूर्ण हिवाळाभर हवामान मोजायचे, असा बेत होता. एवढ्या आत असे काम त्यापूर्वी कोणी केलेले नव्हते. बर्फाची जाडी मोजणे हाही मोहिमेचा भाग होता.

सुरुवातच बिघडली. किनाऱ्यालगतचे बर्फ फुटेना, त्यामुळे सामान उतरवायलाच पाच-सहा आठवडे उशीर झाला. मोठ्या आशेने नेलेल्या पंख्याच्या मोटार-घसरगाड्या ऐनवेळी कामी आल्या नाहीत. आइसमिटेवर योहानेस गेओर्गी आणि एर्न्स्ट सोर्गे हे दोघे होते. रसद २० ऑक्टोबरपर्यंत आली नाही तर आपण चालत परत निघू, असा निरोप त्यांनी पाठवला होता. त्या हंगामात असे चालत येणे म्हणजे मृत्यूच.

वेगेनर स्वतः निघाले. २१ सप्टेंबर १९३० रोजी फ्रिट्झ ल्योवे आणि १३ ग्रीनलँडवासी सोबत्यांसह कुत्र्यांच्या गाड्या मार्गस्थ झाल्या. वादळे आणि थंडी वाढत गेली, तसे एकेक सोबती माघारी फिरले. शेवटी उरले ते वेगेनर, ल्योवे आणि रास्मुस विलुमसेन हा तरुण. जवळपास सगळी रसद वाटेतच टाकावी लागली होती. चाळीसाव्या दिवशी, ३० ऑक्टोबरला हे तिघे पोहोचले तेव्हा पारा उणे ५० च्याही खाली गेला होता. ल्योवे यांच्या पायांची बोटे हिमदंशाने मेली होती. पुढे ती खिशातल्या चाकूने कापावी लागली.

आइसमिटेवरील दोघांनी हिमात गुहा खोदून आहे त्या साठ्यावर हिवाळा काढायचे आधीच ठरवले होते. ल्योवे यांना तिथेच ठेवणे भाग होते. पाच जणांना पुरेल इतके अन्न मात्र नव्हते. १ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर विलुमसेन यांच्यासह किनाऱ्याकडे निघाले. ते पोहोचले नाहीत. मे १९३१ मध्ये वाटेच्या मध्याजवळ बर्फात रोवलेल्या स्की दिसल्या. खाली वेगेनर यांचा मृतदेह झोपण्याच्या पिशवीच्या आवरणात नीट शिवून ठेवलेला होता. अतिश्रमाने हृदय बंद पडले असावे, असा अंदाज आहे. त्यांना इतक्या काळजीने निरोप देऊन, त्यांची रोजनिशी घेऊन पुढे गेलेल्या विलुमसेन यांचा कधीच शोध लागला नाही. वेगेनर यांचा मृतदेह तिथेच ठेवण्यात आला. मोहिमेची सूत्रे बंधू कुर्ट यांनी हाती घेतली. गुहेतल्या तिघांनी हिवाळाभर नोंदी घेतल्या. ग्रीनलँडच्या अंतर्भागातील बर्फ अडीच किलोमीटरहून अधिक जाड असल्याचे याच मोहिमेने दाखवले.

कृत्रिम पावसाशी याचा संबंध काय?

थेट संबंध आहे. ढगात अतिशीत पाणी आहे, पण हिमकेंद्रके अपुरी आहेत, मग ती बाहेरून पुरवली तर? नोव्हेंबर १९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून ढगात कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड टाकला आणि ढगातून हिम पडताना पाहिले. त्याच आठवड्यात त्यांचे सहकारी बर्नार्ड व्होनेगट यांना प्रयोगशाळेत आढळले, की सिल्व्हर आयोडाइडचा धूर हे काम करतो. या संयुगाच्या स्फटिकाची रचना बर्फाशी मिळतीजुळती आहे. वेगेनर यांनी कल्पिलेले केंद्रक आता कारखान्यात बनवता येऊ लागले.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. २००३, २०१५ आणि २०१९ या टंचाईच्या वर्षांत राज्यात कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने (आयआयटीएम) २००९ पासून ढगांच्या अभ्यासाचा मोठा प्रकल्प राबवला, त्यातला महत्त्वाचा टप्पा सोलापूर परिसरात पार पडला. तिथे भर होता तो ओलावा ओढणारे क्षारकण उबदार ढगांत सोडण्यावर. योग्य ढग निवडल्यास पावसात सरासरी सुमारे १८ टक्के वाढ दिसल्याचे संशोधकांनी नोंदवले. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशांची पातळी सुमारे पाच-साडेपाच किलोमीटर उंचीवर असते. सह्याद्रीवरचा बराचसा पाऊस त्याखालच्या उथळ ढगांतून, म्हणजे बर्फाशिवायच पडतो. मराठवाड्यावरचे गडगडाटी ढग मात्र या पातळीच्या बरेच वर जातात. ढगच नसेल तर कोणतेही केंद्रक पाऊस पाडू शकत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

फेब्रुवारीअखेर ते मार्च २०१४ दरम्यान मराठवाडा-विदर्भात झालेल्या गारपिटीने रब्बी पिके आणि फळबागा झोडपल्या. गाराही याच अतिशीत पाण्याच्या. हिमकेंद्रकापासून सुरू झालेला बर्फाचा दाणा जोरदार वाऱ्याने ढगात वर राहतो, अतिशीत थेंब त्याला आदळून चिकटतात, गोठतात आणि थरावर थर चढत गार तयार होते.

हवामान बदलात हिमकेंद्रके महत्त्वाची का?

ढग सूर्यप्रकाश परतवतात. पण किती, हे त्यात पाणी आहे की बर्फ, यावर ठरते. पाण्याचे थेंब असंख्य आणि बारीक असतात, म्हणून ढग पांढराशुभ्र, दाट आणि टिकाऊ होतो. हिमस्फटिक संख्येने कमी आणि आकाराने मोठे असतात, लवकर पडतात, ढग विरळ होतो. म्हणजे मूठभर कण ढगाची चमक आणि आयुष्य दोन्ही बदलू शकतात.

पृथ्वी तापली की ढगांतला काही बर्फ पाण्यात बदलेल, ढग अधिक चमकदार होतील आणि तापमानवाढीला थोडा लगाम बसेल, असे प्रारूपे सांगतात. मात्र हा लगाम किती मोठा, हे आज ढगात बर्फ किती आहे यावर अवलंबून. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरावर हवा स्वच्छ, धूळ अत्यल्प. तिथले ढग उणे २० अंशांनाही बऱ्याच प्रमाणात द्रव राहतात. अनेक प्रारूपांनी मात्र तिथे गरजेपेक्षा जास्त बर्फ धरला होता. २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात संशोधकांनी एका प्रारूपातील हे प्रमाण उपग्रहांच्या नोंदींनुसार दुरुस्त केले. तेव्हा कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास होणारी तापमानवाढ सुमारे ४ अंशांवरून ५ अंश किंवा त्याहून अधिक झाली. हा एका प्रारूपाचा आकडा होता. आंतरसरकारी हवामान बदल समितीने (आयपीसीसी) २०२१ मध्ये सर्व पुरावे एकत्र तोलून हीच वाढ सुमारे ३ अंश आणि बहुधा २.५ ते ४ अंशांच्या दरम्यान असेल, असे म्हटले. पण ढगातल्या पाणी-बर्फाच्या हिशेबात चूक झाली तर उत्तर किती बदलू शकते, हे त्या प्रयोगाने दाखवले.

आता संशोधन कुठे पोहोचले आहे?

हिमकेंद्रकांचा साठाही बदलतो आहे. हिमनद्या मागे सरकल्या की त्यांनी दळलेली बारीक माती उघडी पडते आणि वाऱ्याने उडते. आर्क्टिकमधल्या स्वालबार बेटांवरील अशी माती बर्फ धरण्यात विशेष प्रभावी असल्याचे २०१९ मधील अभ्यासात आढळले. तापमानवाढीने बर्फ वितळतो, त्यातून धूळ उडते, ती ढगांत बर्फ वाढवते आणि ढगांचा रंग-रूप बदलते, अशी ही साखळी आहे. ती उत्तरेकडच्या तापमानवाढीला खतपाणी घालते की आवर, याची मोजदाद सुरू आहे. जंगलांचा ऱ्हास, शेतीची माती, वाळवंटांचा विस्तार यांचाही हिशेब त्यात धरावा लागतो.

हे सगळे मोजायचे तर हवेतून लाखांत एक कण वेचून तो किती अंशांना पाणी गोठवतो ते पाहावे लागते. आयआयटीएमची महाबळेश्वर येथील उंचावरची ढग-भौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून पश्चिम घाटातील ढग आणि हवेतील कण यांचा सातत्याने अभ्यास करते आहे. जर्मनीत वेगेनर यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९८० मध्ये, ब्रेमरहाफेन येथे त्यांच्या नावाची ध्रुवीय संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या नेतृत्वाखाली २०१९-२० मध्ये 'पोलारस्टर्न' हे जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून वर्षभर वाहत ठेवण्यात आले. अनेक देशांच्या संशोधकांनी त्यावरून पूर्ण ध्रुवीय रात्रभर ढग, वाफ आणि हवेतील कण मोजले. आइसमिटेच्या गुहेत तिघांनी मेणबत्ती-कंदिलाच्या उजेडात ज्या प्रकारच्या नोंदी घेतल्या, त्यांची ही पुढची पिढी. वेगेनर यांच्या तर्कातला वाफेचा भाग आता पाठ्यपुस्तकांत स्थिरावला आहे. कोणत्या ढगात कोणते कण, किती संख्येने आणि किती थंडीत बर्फ धरतात, या दुसऱ्या भागाची मोजणी अजून चालू आहे.